हुक्किरे सरांच्या खेळातलं दार

हुक्किरे सर कुठल्याही खोलीला बाहेरून कडी लावत नसत. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. पुढं दोन हॉल, मागं एक अंधारी कोठी आणि संडास. संध्याकाळी बंद करायची पाळी ज्याची असेल त्यानं दिवे घालवायचे, कुलूप लावायचं आणि किल्ली खाली कंपाउंडरकडं द्यायची. सरांची पाळी असली की कुलूप सोडून बाकी सगळं ते करायचे. आधी कोठीचं दार ढकलून आत डोकं घालायचे आणि विचारायचे, "कोण हाय काय आत?" मग संडासापाशी तेच. मग हॉलमध्ये प्रत्येक टेबलाखाली वाकून बघायचे. एवढं झाल्यावर जिन्यात येऊन मला म्हणायचे, "मॅडम, तेवढं कुलूप लावा की तुम्ही."

पोरं मागून त्यांची नक्कल करायची. फ्लॉपीच्या डबीचं झाकण उघडायची आणि आत बघून ओरडायची, "कोण हाय काय आत?" सरांनी एकदा ते ऐकलं. रागावले नाहीत. "बघिटलंस ते बरं केलंस," एवढंच म्हणाले आणि पुढं गेले.

मी तिथं टायपिंग आणि डीटीपी शिकवत होते, सर हार्डवेअर आणि प्रोग्रामिंग. नव्वदीची शेवटची वर्षं. सर तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर असतील. उंच, वाळकी अंगलट, कपाळावर विभूतीची तीन बोटं, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मूळचे कबनूरचे. घरी एकेकाळी माग होते, आता नव्हते. कोल्हापुरात एक खोली घेऊन एकटे राहायचे आणि रविवारी आईकडं जायचे. आईला ते अव्वा म्हणत. दुपारी उभ्या उभ्या जेवायचे. भाकरीत शेंगदाण्याची चटणी घालून तिची गुंडाळी करायची आणि खिडकीपाशी उभं राहून खायची. "बसा की सर," म्हटलं तर म्हणायचे, "बसलं की झोप येतीया."

शिकवायची त्यांची रीत सगळी मागावरची होती. मेमरी म्हणजे उभा ताणा, प्रोग्राम म्हणजे आडवा बाणा. एक धागा तुटला तर ठाण संपेपर्यंत ती रेघ कापडात दिसत राहते, असं म्हणायचे. एका पोराचा गुणपत्रिकेचा प्रोग्राम नापास मुलांना पहिला नंबर देत होता. पोरगं म्हणालं, "सर, व्हायरस असंल." सर त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि त्याच्याकडून एकेक ओळ वाचून घेतली. दोन तास. चूक त्यांना पहिल्या पाच मिनिटांत दिसली होती, पण त्यांनी बोट ठेवलं नाही. शेवटी पोरगंच म्हणालं, "हितं मी उलटं चिन्ह टाकलंय." सर उठले. "मशीन खोटं बोलत न्हाय. आपण सांगिटलं तेवढंच करतंय," म्हणाले. हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळायचं.

त्या काळात परदेशातला एक गोळीबाराचा खेळ सगळ्या कॉम्प्युटरांवर असायचा. पडद्याच्या खालच्या कडेला आपली बंदूक, समोर अंधारे बोळ आणि त्यातून अंगावर येणारे राक्षस. क्लासमध्ये त्याला बंदी होती, म्हणजे आम्ही खोलीत शिरलो की पोरं तो बंद करायची. सरांनी कुठूनशी एक सीडी मिळवली. तिच्यात या खेळाचे नवे नकाशे आपले आपण बनवायचा प्रोग्राम होता. भिंती आपण आखायच्या, दारं आपण ठेवायची, राक्षस कुठं उभे राहतील ते आपण ठरवायचं.

सरांनी आलेखाच्या कागदावर एक जागा आखायला घेतली. मधल्या सुट्टीत भाकरीची गुंडाळी एका हातात आणि दुसऱ्या हातात पेन्सिल. मी एकदा डोकावले तर डोळे मिटून ते हॉलमध्ये पावलं मोजत होते. "...दहा, अकरा, बारा. हितं माळ्याचा जिना." डोळे उघडून कागदावर रेघ मारली. मी विचारलं, "काय आहे हे?"

"आमचा शेड. मागाचा. आता न्हाय तो."

सहा-सात महिने हे चाललं होतं. मग एक दिवस त्यांनी माझ्यापुढं एक फोटो ठेवला. स्टुडिओतला, उभा. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवलेला विशीतला मुलगा, मिसरूड फुटलेलं, हसू दाबून धरलेलं. क्लासमधला एकमेव स्कॅनर डीटीपीसाठी माझ्या टेबलावर होता. "एवढं स्कॅन करून मागचा पडदा काढून देता काय?" सरांनी विचारलं. "माझा धाकटा भाऊ. गुरुसिद्ध. आम्ही गुरू म्हणायचो."

'म्हणायचो' हा शब्द मी ऐकला आणि पुढं काही विचारलं नाही. फोटो स्वच्छ करून दिला. दुसऱ्या दिवशी सर अवघडून म्हणाले, "पाठमोरा बी लागतोय. खेळात माणूस वळतोय न्हवं. पण त्याचा पाठीकडनं फोटोच न्हाय." मग म्हणाले, "माझाच काढा. पाठीकडनं आम्ही सारखंच दिसत हुतो. अव्वा बी फसायची." सर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि मी क्लासच्या कॅमेऱ्यानं त्यांच्या पाठीचा फोटो काढला. खेळातल्या गुरूला असं समोरून गुरूचं तोंड मिळालं आणि मागून हुक्किरे सरांची पाठ.

खेळ तयार झाला तेव्हा सरांनी तो मला दाखवला. मला बंदूक धरता येईना, म्हणून पोरांना बोलावलं. खेळाचे चार टप्पे होते, पोरं त्यांना मजले म्हणायची. पहिल्या तिन्हीत सुताच्या गाठोड्यांचे ढीग, मागांच्या रांगा आणि त्यांच्यामधून येणारे धुराच्या रंगाचे, लाल डोळ्यांचे राक्षस. पोरं वेडी झाली. आपल्याकडच्या खऱ्या मागांमधून बंदूक घेऊन पळायचं हे कुणी कधी बघितलं नव्हतं. चौथ्या मजल्यावर माळा होता आणि माळ्यावर गुरू उभा असायचा. त्याच्यापर्यंत पोचायचं. आपण पोचलो की तो आपल्या मागून चालू लागायचा. त्याला शेडच्या मोठ्या दारापर्यंत आणायचं, दार उघडायचं आणि बाहेर पडायचं. सरांनी तसं सांगितलं. त्या दिवशी पोरांची मजल तिसऱ्यापर्यंतच गेली, कारण क्लासची वेळ संपली.

माझ्या बॅचची एक मुलगी कोर्स संपवून चालली होती. तिनं भावासाठी खेळाची फ्लॉपी मागितली आणि मी दिली. सरांना विचारायचं मनात आलं नाही. कुणी काही चांगलं केलं की ते चार लोकांनी बघावं, असं मला वाटायचं.

तीन-चार महिन्यांनी एका शनिवारी दुपारी शाहूपुरीतल्या एका गेमच्या दुकानात मॉनिटर बिघडल्याचा निरोप आला. मला त्याच बाजूला कागद आणायचे होते म्हणून आम्ही दोघं बरोबर गेलो. दुकान म्हणजे एक गाळा, सहा कॉम्प्युटर आणि प्रत्येकाभोवती घोळका. आत शिरताच आम्हाला ते माग दिसले. सहातल्या चारांवर सरांचा खेळ चालू होता.

मी हसून त्यांच्याकडं बघितलं. ते बघत होते ती जागा कोपऱ्यातल्या पडद्यावर होती. चौथा मजला. गुरू माळ्यावर उभा होता. खेळणारा तरुण कॉलेजातला असावा. पाठीमागून दुसरा ओरडला, "आरं राक्षस झाले, आता त्या पोराला घाल! त्याशिवाय दार उघडत न्हाय!"

आणि त्यानं गुरूवर गोळ्या झाडल्या. गुरू पडला. खाली मोठं दार घरघरत वर सरकलं आणि घोळक्यानं टाळ्या पिटल्या.

सर पुढं झाले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "त्याला मारू नका की. त्याला बाहेर न्यायचंय."

"पावणं, मारल्याशिवाय फुडं जाताच येत न्हाय," तो तरुण मान न वळवता म्हणाला. "सगळ्या कोल्हापुराला ठावं हाय. तुम्ही खेळलाय काय कधी?"

सरांनी मॉनिटर उघडला, आतली एक तार डागली, बंद केला. सगळं नीट केलं. शेजारच्या पडद्यांवर तेवढ्या वेळात गुरू आणखी तीनदा मेला. आम्ही बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्याशी सर थांबले. मी सांगून टाकलं की फ्लॉपी माझ्याकडून बाहेर गेली होती.

"बरं झालं," ते म्हणाले. "न्हायतर मला कळलंच नसतं. मी शेवटपर्यंत कधी खेळलोच न्हवतो, मॅडम. एकेक खोली तपासली. पण त्याला घेऊन दारापर्यंत चालत आलो न्हाय. धीर झाला न्हाय."

मग त्यांनी चूक काय होती ते सांगितलं. खेळात नवा माणूस घालायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी एका राक्षसाचंच अंग घेऊन त्यावर गुरूचा फोटो चढवला होता. हल्ला करायचं त्याच्यातलं काढून टाकलं होतं. पण दार उघडायचं ते मजल्यावरचे सगळे राक्षस मेल्यावर, आणि यंत्राच्या हिशेबात गुरूही त्यांतलाच एक होता.

त्याच चहाच्या गाड्यापाशी त्यांनी मला शेडची हकिगत सांगितली. दहा वर्षांपूर्वीची. दुपारी लाईट गेली, कामगार घरी गेले. गुरू परीक्षेचा अभ्यास करायला माळ्यावर जाऊन बसायचा, तिथंच झोपला होता. तो आत आहे हे न बघता बाहेरून कुलूप लागलं. लाईट आली तेव्हा कुठलातरी माग चालूच राहिलेला होता, त्याच्या बटणापाशी ठिणगी उडाली आणि सुताच्या धुळीनं पेट घेतला. लोकांनी पहारीनं कुलूप तोडलं, तोवर उशीर झाला होता.

"कुणी लावलं कुलूप?" मी विचारलं.

सरांनी ग्लास गाड्यावर ठेवला. "हुता एक जॉबर. तात्या. माग दुरुस्त करायचा. किल्ली त्याच्याकडं असायची."

पुढचे काही आठवडे सर मिळतील तिथून फ्लॉप्या गोळा करत हिंडले. दुकानांत जाऊन सांगायचे, "त्यात व्हायरस हाय, काढून टाका." लोक हसायचे. एक पुसली की दोन नव्या निघायच्या. मी म्हटलं, "सर, दुरुस्त करून नवी वाटा की. मग जुनी कोण खेळेल?"

"एका आकड्याचं काम हाय," ते म्हणाले. "करतो."

त्यांनी केलं नाही. मी दोनदा आठवण दिली, मग सोडून दिलं.

क्लास पुढं बंद पडला. मी शाहूपुरीत पत्रिका आणि जाहिराती छापायचं छोटं दुकान टाकलं. सर बँकांचे आणि पतसंस्थांचे कॉम्प्युटर सांभाळायचे आणि येताजाता माझ्याकडं डोकवायचे. केस पांढरे झाले. लग्न केलं नाही. अव्वा वारल्या, तेव्हा आठवडाभर दिसले नाहीत आणि मग एक दिवस येऊन माझा प्रिंटर न सांगताच साफ करून गेले. माझ्या दुकानामागच्या गोदामाचं दार बंद दिसलं की अजूनही उघडून हाक मारायचे. गिऱ्हाईक चमकून माझ्याकडं बघायचं. मी म्हणायचे, "काही नाही, बघतायत."

अशी सात-आठ वर्षं गेली असतील. एका सकाळी दुकानात एक तरतरीत माणूस आला. तेवीस-चोवीसचा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. "इनामदार मॅडम तुम्हीच न्हवं? मी संदीप. गडमुडशिंगीचा. पुण्याला असतो. हुक्किरे सर कुठं भेटतील?" त्यानं पिशवीतून एक सीडी काढली. शाळकरी वयात सरांच्या खेळानं त्याला कॉम्प्युटरचं वेड लागलं होतं. इंटरनेटवर जुन्या खेळांचे शौकीन असतात, त्यांच्यात त्यानं हा खेळ टाकला होता आणि लोकांना मागांचा तो शेड आवडला होता. "पण सगळी इचारत हुती, त्या बिचाऱ्याला मारायचं का? मग मी आत शिरून बघिटलं. सरांची एक बारकी चूक हुती. मी नीट केली. आता तो बाहेर येतो."

मी त्याला थांबवायला हवं होतं काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी सरांना फोन केला. अर्ध्या तासात ते आले.

संदीप त्यांच्या पाया पडला आणि उत्साहानं सांगायला लागला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. "एक आकडा," ते म्हणाले.

"व्हय सर! एकच! तुमच्या नजरेतनं कसा सुटला?"

"आधी सुटला हुता. पण त्या गेमच्या दुकानात बघिटलं त्याच दिवशी कळलं." सर माझ्याकडं बघून बोलत होते. "ती चूक न्हवतीच, मॅडम. दार उघडलं तेव्हा तो संपलेला हुता. तसंच झालं हुतं. मशीननं खोटं काय केलं? म्हणून मी हात लावला न्हाय."

संदीपचा चेहरा उतरला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो सीडी पिशवीत घालू लागला. सरांनी त्याचा हात धरला. "लाव," म्हणाले.

माझ्या कॉम्प्युटरवर सर पहिल्यांदा तो चौथा मजला शेवटपर्यंत खेळले. हात सराईत नव्हता. दोनदा मेले, पुन्हा सुरू केलं. माळ्यावर पोचले. गुरू हसू दाबून उभा होता. सर दोन पावलं मागं सरकले, गुरू दोन पावलं पुढं आला. जिना. मागांच्या रांगा. दार घरघरत वर गेलं. सर बाजूला झाले आणि गुरू त्यांना ओलांडून पुढं गेला. तेव्हा आम्हाला त्याची पाठ दिसली. दुमडलेल्या बाह्या, वाळका मानेचा काटा. दारातून बाहेर पडत होते ते हुक्किरे सरच होते. मग पडदा काळा झाला.

"फुडं?" सरांनी विचारलं.

"फुडं काय न्हाय, सर," संदीप हळू म्हणाला. "फुडं तुम्ही काय बनवलंच न्हाय."

संदीप गेल्यावर सर बराच वेळ तिथंच बसून राहिले. मी त्यांना बसलेलं क्वचितच बघितलं होतं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्हाला मी अर्धंच सांगिटलं हुतं."

लाईट गेली त्या दुपारी त्यांना इचलकरंजीला सिनेमाला जायचं होतं. मित्र फाट्यावर थांबलेले. तात्या शेड झाडून, वर-खाली बघून कुलूप लावायचा, त्याला वेळ लागायचा. सर म्हणाले, "किल्ली दे हिकडं, मी लावतो, तू जा." त्यांनी आत बघितलं नाही, हाक मारली नाही. कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि पळाले. संध्याकाळी पंचांसमोर, सगळ्या गल्लीसमोर तात्या म्हणाला, "किल्ली धाकल्या मालकानं नेली." सगळ्यांनी सरांकडं बघितलं.

"मी दोनच शब्द बोललो. 'मी न्हाय.' बाबांनी तात्याच्या मुस्काडीत दिली. किल्ली तेव्हा माझ्या खिशात हुती. दुसऱ्या दिवशी ती विहिरीत टाकली. महिन्याभरात तात्या बायकोला घेऊन गाव सोडून गेला. मुरगूडला. अव्वा मरेपर्यंत त्याला शिव्या घालायची आणि मी ऐकायचो." मग म्हणाले, "मुरगूडला मी दोनदा जाऊन आलोय. स्टँडवर उतरायचं आणि तीच गाडी धरून परत यायचं. तुम्ही येता काय बरोबर?"

मी गेले. तात्यांचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात भुईमुगाचे वेल पडले होते आणि एक म्हातारा पोत्यावर बसून शेंगा तोडत होता. "कोण पावणं?" त्यानं विचारलं.

"मी विरू. कबनूरचा."

म्हाताऱ्याचे हात थांबले नाहीत. "बसा," तो म्हणाला. सर उभेच राहिले.

"तात्या, किल्ली माझ्याकडं हुती."

"मला सांगालाईस व्हय? मीच दिलीती न्हवं तुझ्या हातात."

"मग तुम्ही परत का न्हाय बोललासा?"

"एकदा बोललो की. तू फुड्यात हुतास. तू न्हाय म्हटलास. एका माणसानं किती येळा बोलायचं?"

सर खाली वाकले. तात्यांनी पाय पोत्याखाली ओढून घेतले. "पाया पडू नगं. हिला त्या गल्लीत नळावर पाणी भरू देत न्हवत्या बाया. पोरगं खाल्लंस म्हणायच्या. ही पोटुशी हुती तवा. हितं येऊन मला सांगून काय उपेग? हितं मला कुणी काय म्हणत न्हाय." त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "जिथं न्हाय म्हटलास, तिथं जाऊन व्हय म्हण."

आतून तात्यांची बायको चहा घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं. एक कप माझ्या हातात दिला, एक सरांच्या. सरांनी चहा उभ्या उभ्या घेतला, कप स्वतः विसळून ओट्यावर पालथा घातला आणि आम्ही निघालो. परतीच्या गाडीत त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "उद्या कबनूरला जाऊया," म्हणाले.

पुढं काय झालं ते आधी सांगते. कबनूरला शेडसमोर राहणाऱ्या काकांच्या घरानं सरांशी बोलणं कायमचं सोडलं. हुबळीला दिलेल्या बहिणीनं दोन वर्षं फोन घेतला नाही. तात्या पुन्हा कबनूरला आले नाहीत. त्यांची बायको मात्र एका लग्नाला त्या गल्लीत गेली आणि चार दिवस राहून आली. हे सरांनीच मला सांगितलं. समाधानानं वगैरे नाही, गाडीची वेळ सांगावी तसं. खोल्यांत हाका मारायची त्यांची सवय काही गेली नाही. मला वाटलं होतं जाईल. मी एकदा तसं म्हटलंही. ते म्हणाले, "तो बाहेर आलाय व्हय? ते खेळात, मॅडम." नंतर ते बहिणीकडं हुबळीला गेले आणि तिथंच, पन्नाशी गाठायच्या आत, छातीत कळ येऊन वारले. संदीपचा दुरुस्त खेळ इंटरनेटवर आहे म्हणतात. लोक गुरूला बाहेर काढत असतील. मी पुन्हा तो बघितलेला नाही.

मला सर आठवतात ते मुरगूडच्या दुसऱ्या दिवशीचे. सकाळी अकराची वेळ. कबनूरच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना मागाचे शेड, आणि सगळे चालू. आवाज असा की रिक्षावाल्यानं पत्ता विचारला तोही मला ओठांवरून ओळखावा लागला. सर म्हणाले, "तुम्ही हितंच थांबा." मी रिक्षात बसून राहिले. जळालेल्या शेडच्या जागी आता कुणाचातरी पत्र्याचा गोठा होता. त्याच्या समोरच्या घरापुढं सरांनी चपला काढल्या. शिवगोंडा काका म्हणून त्यांच्या वडिलांच्या बरोबरीचे एक गृहस्थ दारात आले. त्या संध्याकाळी पंचांत हे होते.

सर काहीतरी बोलले. काकांनी कानामागं हात धरला. सर पुन्हा बोलले. मानेच्या शिरा ताणलेल्या मला रिक्षातून दिसत होत्या. काकांनी मान हलवली, ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी आत वळून हात वर केला. एक माग थांबला, दुसरा थांबला, मग सगळे. कामगार हात पुसत दारात आले. शेजारच्यांना वाटलं काही झालं, म्हणून त्यांनीही बटणं दाबली, आणि ती गल्ली टोकापर्यंत गप्प झाली.

दोनदा ओरडून झालं होतं म्हणून असेल, सरांना आवाज खाली आणायचं सुचलं नाही. ते तेवढ्याच जोरानं तिसऱ्यांदा बोलले.

"कुलूप मी लावलं हुतं, काका! तात्यानं न्हाय! मी!"